पाण्याला न भिणारी शाई



मागच्या खेपेला या सदरात आपण रेशनकार्डावरची नावे कशी दुरुस्त करून घ्यावीत, यावर बोललो होतो. तो अंक वाचून एका भगिनीने पोस्टकार्ड पाठवले. त्या लिहितात, "कागद जपून ठेवा, असे तुम्ही दर वेळी सांगता. आम्ही जपतो. पण जपलेल्या कागदावरची अक्षरेच उडून गेली, तर आम्ही काय जपायचे?"

कार्ड वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो. कारण हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरातला आहे. त्याचे उत्तर मला आधी पुराने शिकवले आणि परवा एका शाईच्या बाटलीने शिकवले. म्हणून आजचे सदर शाईवर. शाईवर कसले सदर, असे म्हणून पान उलटू नका. आपल्या लेकरांचे शिक्षण, नोकरी, घर, सगळे कुठल्या ना कुठल्या कागदावर उभे आहे, आणि कागद शाईवर उभा आहे.

२६ जुलै २००५ चा दिवस मुंबईकर विसरणार नाहीत. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमचे बिऱ्हाड तेव्हा कुर्ल्याला, मिठी नदीच्या अंगाला. दुपारी दारात घोटाभर पाणी आले. दिवेलागणीपर्यंत ते खाटेवर चढले. आम्ही शेजारच्या माळ्यावर दोन रात्री काढल्या. गॅसची शेगडी, धान्याचा डबा, अंथरुणे, जे हाताला लागले ते वर घेतले. खाटेखालची पत्र्याची ट्रंक मात्र कोणाच्या ध्यानात आली नाही. घरातले सगळे कागद त्या ट्रंकेत होते.

तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मी ट्रंक उघडली. आत गाळ आणि निळसर पाणी. त्या ट्रंकेत माझ्या वडिलांच्या दोन वस्तू होत्या. एक, त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला, १९४४ सालचा. दुसरी, त्यांची टिपणवही. वडील गिरणीत लागले तेव्हा त्यांनी पहिल्या काही पगारांतून पैसे बाजूला टाकून एक फाऊंटन पेन घेतले होते. त्या पेनाने ते वहीत घरातल्या नोंदी करीत. आम्हा पाच भावंडांचे जन्म, वार आणि वेळेसकट. बहिणींची लग्ने. आजीचा मृत्यू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेलेल्या गावच्या माणसांची नावे, स्वतःच्या नावासकट. अक्षर वळणदार, शाई सुंदर निळी.

वही बायकोने उचलली. तिने पहिले पान उलटले, दुसरे उलटले, आणि म्हणाली, "अहो, वही कोरी झाली."

खरेच कोरी झाली होती. कुठे कुठे निळे डाग होते, बस्स. ट्रंकेतले पाणी निळसर का झाले होते, ते तेव्हा कळले. वडिलांचे अक्षर त्या पाण्यात विरघळून गेले होते.

दाखल्याची अवस्था कागद म्हणून वहीपेक्षा वाईट होती. घड्यांवर फाटलेला, कोपरे गळून पडलेले, रंग चहासारखा. पण त्यावरचे एकही अक्षर हलले नव्हते. नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जन्मतारीख, "इयत्ता चौथी पास", सगळे काळेभोर. आणि जातीच्या रकान्यात तो शब्द, "महार".

त्या शब्दाची गोष्ट तुम्हा-आम्हाला नवीन नाही. तो शब्द लिहिला गेला म्हणून वडिलांना चार वर्षे वर्गाच्या दाराबाहेर बसावे लागले. पाटी लांबून दाखवावी लागली. ते सांगायचे, "मास्तर माझी पाटी बघायचे, पण पाटीला हात लावायचे नाहीत." लिहिणाऱ्याने तो शब्द आम्हाला वेगळे काढण्यासाठी लिहिला होता. पण पुढे काय झाले ते बघा. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आपले घराणे १० ऑगस्ट १९५० च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत होते, याचा पुरावा मागतात. जातीच्या दाखल्यांचा आणि पडताळणीचा आपल्या राज्याचा कायदा २००० सालचा आहे, आणि त्यात पुरावा देण्याची जबाबदारी अर्ज करणाऱ्यावर टाकली आहे. बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाल्या, पण मूळ जातीचा कागद दाखवावाच लागतो. माझ्या नातीची पडताळणी निघाली तेव्हा आम्ही गावच्या शाळेत गेलो. जुने जनरल रजिस्टर वाळवीने खाल्ले होते, त्या सालाची पानेच नव्हती. तेव्हा ट्रंकेतला तो चहाच्या रंगाचा कागद पुढे केला. साहेबांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, अक्षरावरून नजर फिरवली, आणि मान हलवली. नात नर्सिंगला गेली. आज ती वॉर्डात ड्यूटी करते.

एकाच ट्रंकेत, एकाच पाण्यात, दोन दिवस भिजलेले दोन कागद. एक कोरा झाला, एक बोलत राहिला. असे का?

मी एकतीस वर्षे आवक-जावक टेबलावर काढली. हे मला आधीच ठाऊक असायला हवे होते. नोकरीला लागलो तेव्हा आमचे हेडक्लार्क एक गोष्ट बजावून सांगायचे, "रजिस्टरात निळी-काळी शाईच भरायची. शोभेची निळी घरी पत्र लिहायला ठेवा." आम्ही तरुण पोरे हसायचो. म्हाताऱ्याची लहर, असे म्हणायचो. लहर नव्हती ती. पुढे बॉलपेन आले आणि हा फरकच आम्ही विसरलो.

परवा माझ्या वाढदिवसाला नातीने एक छोटीशी बाटली हातात ठेवली. म्हणाली, "आबा, तुम्ही नेहमी त्या दाखल्याच्या शाईचं बोलता ना? मी शोधून काढली. ही त्याच जातकुळीतली शाई आहे." बाटली इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या डायमाइन कंपनीची. नाव 'रजिस्ट्रार्स इंक'. म्हणजे निबंधकाची शाई. इंग्लंडात जन्म, मृत्यू आणि लग्न यांच्या नोंदवह्यांसाठी याच प्रकारची शाई वापरीत आले. तिथल्या लग्नाच्या नोंदी मे २०२१ पासून संगणकावर गेल्या, पण शाई अजून बनते. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात ती मिळत नाही, पेनांचा खास माल ठेवणाऱ्यांकडून मागवावी लागते. किंमत मी विचारली, नातीने सांगितली नाही. त्यावरून काय ते समजलो.

आता ही शाई काय आहे ते सांगतो. घरातल्या बायकांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. लोखंडी कढईत आवळा शिजवला तर काय होते? काळा पडतो. कोऱ्या चहात गंजका खिळा टाकून ठेवला तर चहा शाईसारखा काळा होतो. आवळ्यात, चहात, हिरड्यात, बाभळीच्या सालीत एक तुरट पदार्थ असतो, त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन आणि लोखंड यांची गाठ पडली की काळा रंग तयार होतो. या शाईत नेमके तेच आहे. एकीकडे तुरट फळाचा अर्क, दुसरीकडे हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार.

यातली खुबी अशी की बाटलीत असताना ही दोघे विरघळलेली असतात आणि फिकट असतात. लिहिल्यावर शाई कागदाच्या धाग्यांत मुरते. मग हवा लागते आणि हवेतल्या प्राणवायूने ती हळूहळू काळी पडते. काळी पडली की ती पाण्यात विरघळत नाही. म्हणजे रंग कागदाच्या वर बसत नाही, कागदाच्या आतच जन्माला येतो. पण मग लिहिताना दिसणार कसे? म्हणून बनवणारे त्यात थोडा निळा रंग मिसळतात. निळी-काळी शाई हे नाव त्यावरूनच पडले. लिहिताना निळी, नंतर काळी.

युरोपात या शाईसाठी ओक झाडावरच्या गाठी वापरीत. एक बारीक माशी झाडाला टोचते आणि तिथे ती गाठ धरते. ही गाठ म्हणजे दुसरे-तिसरे काही नाही, आपल्या बाळगुटीतले मायफळ! तान्ह्या बाळाला सहाणेवर दोन वेढे उगाळून देतो तेच. आणि आपल्याकडे हिरडा होताच. सह्याद्रीत जुन्नर, आंबेगावकडे आदिवासी बांधव आजही हिरडा गोळा करतात. हिरडा आणि हिराकस मिळून काळा रंग होतो, ही गोष्ट आपल्या रंगाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत होती. मोडी कागदांची जुनी शाई बहुधा काजळ आणि डिंकाची. ती उन्हाला भीत नाही, पण कागदाच्या वर बसलेली असते म्हणून पाण्याने उठू शकते.

आणखी एक गोष्ट मनात आली ती सांगतो. हिरडा आणि बाभळीची साल यांनी कातडे कमावतात. कातड्याला टिकाऊ करणारे टॅनिन आणि अक्षराला टिकाऊ करणारे टॅनिन एकच. ज्या हातांनी पिढ्यान्पिढ्या त्या कुंडात हात बुडवून हिरड्याचे गुण ओळखले, त्या हातांना दौतीजवळ फिरकू दिले गेले नाही. बाबासाहेबांना फाऊंटन पेनांचा मोठा शौक होता, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कोटाच्या खिशातले पेन आपण प्रत्येक पुतळ्यात, प्रत्येक तसबिरीत पाहतो. त्या पेनाकडे मी आता जरा निराळ्या नजरेने पाहतो. आणि जयंतीला हाराऐवजी वही-पेन द्या, असे जे आपण म्हणतो, त्याचा अर्थही मला जास्त कळतो.

असो. शाईची परीक्षा घ्यायची ठरली. पेन म्हणून माझे जुने देशी ड्रॉपरने भरायचे पेन काढले. धुऊन, सुकवून त्यात शाई भरली. कागद तीन तऱ्हेचे घेतले. नातवाची साधी शाळेची वही, झेरॉक्सचा कागद आणि एका सरकारी छापील फॉर्मची जादा प्रत. प्रत्येकावर चार ओळी लिहिल्या. पहिली या नव्या शाईने, दुसरी नेहमीच्या धुतल्या जाणाऱ्या निळ्या शाईने, तिसरी बॉलपेनने, चौथी नातवाच्या जेलपेनने. वाक्य एकच, "हे अक्षर टिकेल काय?"

लिहिताना शाई पाहून मी हिरमुसलोच. फिकट, पाणचट निळी. बायको म्हणाली, "एवढे पैसे घालून ही पाण्यात नीळ कालवल्यासारखी?" तासाभरात रंग जरा गडद झाला. रात्री झोपताना निळा-करडा झाला. सकाळी चहाच्या वेळी पाहिले तर काळपट, आणि चार दिवसांनी जवळजवळ दाखल्याच्या अक्षरासारखा. मी दाखला शेजारी ठेवून पाहिला. छातीत काहीतरी हलले, एवढेच लिहितो.

पहिली गोष्ट जी मला आवडली ती म्हणजे स्वस्त वहीवर ही शाई फुटली नाही. आपल्या मुलांच्या वह्यांचा कागद कसा असतो ते तुम्ही जाणता. साध्या निळ्या शाईच्या अक्षरांना मिशा फुटल्या आणि पाठीमागे डाग उतरले. या शाईची रेघ मात्र बारीक आणि स्वच्छ राहिली, पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिता आले.

मग चार दिवसांनी पट्ट्या कापून एकेक परीक्षा घेतली. पहिली पट्टी नळाखाली धरली आणि नंतर रात्रभर थाळीत पाण्यात ठेवली. धुतली जाणारी निळी शाई पहिल्या मिनिटातच पळाली. नव्या शाईचा थोडा निळा अंश पाण्यात उतरला, पण मागे करडे-काळे अक्षर जसेच्या तसे. बॉलपेनला पाण्याने काही झाले नाही, कारण त्याची शाई तेलकट असते. जेलपेन थोडे पसरले. सगळी जेलपेने सारखी नसतात. काही धुतली जातात, काही टिकतात.

दुसरी पट्टी खिडकीत उन्हात महिनाभर चिकटवून ठेवली. निळी शाई विटून गेली. बॉलपेनही बरेच फिके झाले. दुकानाच्या दारावरच्या बॉलपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या फिक्या का होतात, ते यावरून समजा. नव्या शाईची निळी झाक गेली, अक्षर करडे होऊन उभे राहिले.

तिसरी पट्टी नातीने घेतली. तिने इस्पितळात वापरतात तसल्या स्पिरिटचा बोळा फिरवला. बॉलपेनची ओळ निळ्या ढगासारखी पसरली. नव्या शाईला काही फरक पडला नाही. "आबा, म्हणजे बॉलपेन पाण्याला भीत नाही, पण स्पिरिटला भितं," ती म्हणाली. बरोबर. चेकवरचे आकडे बदलणारे भामटे हीच गोष्ट जाणतात.

चौथी पट्टी बायकोने कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवली. इथे आमच्या शाईनेही मार खाल्ला. निळा-काळा रंग गेला, पण गंजासारखे पिवळट-तपकिरी अक्षर मागे राहिले आणि वाचता आले. धुतल्या जाणाऱ्या निळ्या शाईचा मागमूस राहिला नाही.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग उद्याच मागवतो. जरा थांबा, या शाईचे दोषही सांगतो. ही शाई आंबट, म्हणजे आम्लयुक्त असते. पेनात वाळू दिली की खडे धरते आणि साध्या पोलादी निबेला खाऊ लागते. मी एकदा आठवडाभर पेन तसेच टोपण सैल ठेवून विसरलो. निबेचे कोपरे काळे पडले आणि जिभलीत गाळ बसला. साध्या पाण्याने निघेना. मग पाण्यात थोडे व्हिनेगर टाकून पेन भिजवले, पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतले, तेव्हा कुठे शाई चालू झाली. म्हणून महागाच्या किंवा आठवणीच्या पेनात ही शाई भरू नका. रोज लिहीत असाल तरच भरा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पेन धुवा. दुसऱ्या शाईत मिसळू नका. बाटलीत गाळ दिसू लागला की ती शाई फेकून द्या. कपड्यावर सांडली तर ब्लीच लावू नका, गंजाचा डाग कायमचा बसेल. आधी गार पाण्याने धुऊन मग लिंबू आणि मीठ चोळा. लहान मुलांच्या हाती बाटली देऊ नका.

जुन्या काळी ही शाई बेताने न बनवता हिराकस जास्त घातला गेला, तर ती कागदालाच खाई. युरोपात कित्येक जुन्या कागदांवर अक्षरांच्या जागी भोके पडली आहेत. आताच्या बाटल्यांतली शाई त्यामानाने सौम्य असते. तरी टिकाऊपणालाही प्रमाण लागते, हे ध्यानात ठेवावे.

आता पोस्टकार्ड लिहिणाऱ्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. प्रत्येक घराने इंग्लंडची शाई मागवावी, असे मी म्हणत नाही. आपल्याकडेही शाईची परंपरा आहे. आपल्या मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅमलिन झाली. बंगालमध्ये १९३४ साली स्वदेशीच्या भावनेतून सुलेखा शाई निघाली, मध्ये बंद पडली, आणि २०२० पासून तिच्या फाऊंटन पेनाच्या शाया पुन्हा मिळू लागल्या. कुठलीही शाई घ्या, पण बाटलीवरचे नाव वाचा. 'वॉशेबल' लिहिले असेल तर ती धुतली जाणार. मुलांच्या शाळेच्या शर्टासाठी ती चांगली, घरच्या नोंदीसाठी वाईट. घेतल्यावर एक ओळ लिहा, दोन दिवसांनी नळाखाली धरा. या परीक्षेला एक पैसा लागत नाही. जेलपेनची परीक्षाही अशीच घ्या. जे टिकेल ते घरच्या वहीसाठी वेगळे ठेवा. बॉलपेनने लिहिले असेल तर तो कागद उजेडापासून दूर ठेवा.

आणि चार गोष्टी पदरात बांधून घ्या.

एक. जुन्या कागदावरचे पुसट अक्षर गिरवून गडद करण्याचा मोह टाळा. प्रेमाने गिरवाल, पण पडताळणीच्या टेबलावर ती खाडाखोड ठरेल आणि खरा कागद संशयात सापडेल.

दोन. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. एकदा प्लास्टिक चिकटले की ते सुखरूप काढता येत नाही आणि आतला कागद तपासताही येत नाही. साध्या कोऱ्या कागदात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा. खाटेखाली कधीही नाही. हे मी पुराची फी भरून शिकलो आहे.

तीन. कागद भिजलाच तर चोळू नका, उन्हात टाकू नका, इस्त्री फिरवू नका. खाली-वर टीपकागद किंवा स्वच्छ सुती कापड ठेवून पाणी टिपा आणि सावलीत पंख्याच्या वाऱ्यावर एकेक कागद सुकू द्या. चिकटलेल्या घड्या ओढून उघडू नका.

चार. आजच झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर फोटोही घ्या. झेरॉक्सची काळी पूड पाण्याने जात नाही. एक संच गावी भावाकडे ठेवा. पण झेरॉक्स आहे म्हणून मूळ कागद टाकून देऊ नका. शेवटी साहेब "ओरिजिनल दाखवा" असेच म्हणतात.

वडिलांची वही कोरी झाली ती झालीच. त्यातले बरेच काही आता कोणालाच सांगता येणार नाही. पाच भावंडांपैकी आम्ही तिघे उरलो आहोत. नागपूरला गेलेल्या माणसांपैकी सात नावे आम्हाला मिळून आठवली, बाकीची नाहीत. मागच्या रविवारी मी नवी वही आणली. नातीला म्हटले, "तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे आणि शाई तुझी आहे." ती पाट मांडून बसली. मी सांगत गेलो, आक्का फोनवरून चुका काढत गेली, बायको मधूनच "तो वार शुक्रवार होता" असे म्हणत राहिली. जन्म, लग्ने, मृत्यू, गावाचे नाव, शाळेचे नाव, आणि ती सात नावे. सातव्या नावाखाली नातीने थोडी जागा कोरी सोडली. म्हणाली, "कोणाला आठवलं तर लिहू."

रात्री वही उघडीच ठेवली होती. सगळे फिकट निळे दिसत होते. सकाळी ड्यूटीला निघताना नातीने वाकून पाहिले आणि म्हणाली, "आबा, काळी झाली."

तुमच्या घरी अशी वही आहे का? नसेल तर या रविवारी म्हाताऱ्या माणसांना घेऊन बसा. शाईची परीक्षा आधी नळाखाली घ्या आणि मग लिहायला सुरुवात करा. कोणाकडे जुना, भिजूनही टिकलेला कागद असेल तर त्याची हकिकत आम्हाला कळवा. पुढच्या अंकात पाहू, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल मागायची तर अर्ज कसा लिहावा.